मास्तरांची जांभई

"जुबेर! मास्तरांनी जांभई दिली रे!"

मी पलंगावरून ओरडले तसा जुबेर हातातला चहा खिडकीत ठेवून धावला. जुबेर म्हणजे आमच्या डायलिसिस सेंटरचा टेक्निशियन. त्याने मास्तरांच्या पलंगाचा दांडा फिरवून डोकं खाली आणि पाय वर केले, मशिनचं पाणी ओढणं बंद केलं आणि सलाइन सोडलं. मास्तरांचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम, डोळे अर्धे मिटलेले.

"बीपी किती?" मी विचारलं.

"वरचं ऐंशी. खालचं लागतच नाही."

त्याने मास्तरांना जरा कुशीवर वळवलं, तेव्हा पलंगाच्या लोखंडी कठड्यावर काहीतरी वाजलं. टिंग. पितळेचा आवाज.

"काय वाजलं?"

"खिशात चिल्लर असेल, ताई. तुम्ही पडून राहा, तुमची सुई हलेल."

चिल्लर असा आवाज करत नाही. पण माझ्या डाव्या हातात दोन जाड सुया होत्या आणि माझं रक्त शेजारच्या मशिनमध्ये गरगरत होतं. उठून कोणाचे खिसे तपासायची सोय नव्हती.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. तेव्हा मी डायलिसिसला नवी होते, म्हणजे अजून चिडायची ताकद होती. आता चिडते ते सवयीने.

ज्यांच्या किडन्या धड आहेत त्यांच्यासाठी जरा सांगते. आमच्यासारख्यांना लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, तोंड सुजतं, शेवटी छातीत पाणी चढतं आणि आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं. आठवड्यातून दोनदा, आमचे मंगळवार-शुक्रवार, मशिन ते पाणी ओढून काढतं. डॉक्टरांनी प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरवलेलं असतं. आलं की काट्यावर उभं राहायचं. कोरड्या वजनापेक्षा काटा जेवढा जास्त, तेवढं पाणी चार तासांत काढायचं. वाजवीपेक्षा जास्त काढलं, किंवा भसाभसा काढलं, की अंगातलं रक्तच अपुरं पडतं. विहीर आटली आणि मोटार चालूच राहिली तर जे होतं, तेच. बीपी पडतं. डोक्याला रक्त कमी पडलं की आधी जांभई येते. मग घाम, मग वांती, मग पोटरीत असा गोळा की माणूस देवाला शिव्या देतो. कधीकधी माणूस परत येतच नाही.

बघायला येणारे म्हणतात, "इच्छाशक्ती पाहिजे." इच्छाशक्तीने लघवी होत नाही, हे त्यांना कोणीतरी शिकवायला हवं.

तर मास्तर. हिरामण मास्तर. चाळीसगावात बँड म्हटलं की त्यांचं नाव निघायचं. क्लॅरिनेट वाजवायचे. सत्तरीकडे झुकलेले, अंगाने काटकी, मिशी मात्र काळी कुळकुळीत. मी त्यांना वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या लग्नाला बँडच नव्हता, नवराही फार काळ नव्हता. पिको-फॉल आणि ब्लाउजच्या दुकानावर मी स्वतःचं भागवत होते.

मास्तरांचं बीपी दर वेळेला पडायचं. दर वेळेला, तिसऱ्या तासाच्या पुढे. बाकीच्यांचंही पडायचं, पण कधीतरी. मास्तरांचं म्हणजे गाडीच्या वेळेसारखं. जुबेरने मशिन बदलून बघितलं. शुक्रवारी जळगावहून येणाऱ्या डॉक्टर बेंडाळे मॅडमनी रक्त तपासलं, काळजाची सोनोग्राफी केली. काही सापडेना.

मला सातवीपर्यंतच शाळा मिळाली. पण एखादी शिवण का उसवते हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. धागा कच्चा, की कापड कमी पडलं, की घालणारी फुगली? मास्तर माझ्या शेजारच्या पलंगावर. चार तास दुसरं करायचं काय? मी शोध लावायचं ठरवलं.

पहिला निकाल दगडूनानांनी दिला. नाना आमच्यातले सगळ्यात जुने पेशंट. "तो पलंगच वाईट आहे. तिथला एक गेलाय आधी." मास्तरांच्या बायकोने, जनाबाईने, पलंगाखाली लिंबू बांधलं. मी म्हटलं, "नाना, तुम्ही झोपा ना तिथे." नाना अडकले. बोललेलं गिळता येईना. पुढच्या वेळी अदलाबदल झाली. नाना वाईट पलंगावर घोरले आणि मास्तर नानांच्या चांगल्या पलंगावर पडले.

"लिंबू इकडे बांधायला हवं होतं," नाना म्हणाले.

मग मी डब्यावर आले. जनाबाई डब्यात बट्टी चुरून, त्यावर तूप सोडून आणायची आणि मशिन चालू असताना मास्तरांना भरवायची. जुबेरने सांगितलं होतं, मशिनवर असताना पोटभर खाल्लं की रक्त पोटाकडे धावतं, मग डोक्याला कमी पडतं. सांगितलं होतं, पण ऐकतो कोण?

"मावशी, डबा मशिन सुटल्यावर."

"उपाशी माणसाचं रक्त काढतात आणि वर डबा नाही?" जनाबाई भडकली.

"रक्त काढत नाहीत, धुतात."

"धुतलेले कपडेसुद्धा आपण पिळून पिळून फाडत नाही, विमल."

हे वाक्य मला त्या वेळी नुसतं भांडकुदळ वाटलं होतं.

डबा थांबला. मग गोळी. मास्तर सकाळी येतानाच बीपीची गोळी घेऊन यायचे. बीपी कमी करायची गोळी खाऊन बीपी कमी करणाऱ्या मशिनवर झोपायचं! मॅडमनी ती गोळी डायलिसिसनंतर घ्यायला सांगितली. थोडा फरक पडला. जांभई अर्धा तास उशिरा यायला लागली. पण आलीच.

"ताई," मास्तर एकदा शुद्धीवर येता येता म्हणाले, "तू शिंपीण आहेस की फौजदार?"

"दोन्हीत मापच घ्यावं लागतं, मास्तर."

ते हसले. आणि वळताना पुन्हा कुठेतरी टिंग झालं.

मापावरूनच सापडलं शेवटी. डायलिसिसला येताना माणूस फुगलेला असतो, जाताना उतरलेला. चपला सैल, बांगड्या सैल, गालफडं आत. माझ्या स्वतःच्या ब्लाउजच्या बाह्या जाताना लोंबायच्या. मास्तर जाताना मी त्यांच्याकडे बघत बसायचे. तोंड उतरलेलं, घोटे उतरलेले, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. कंबर मात्र आली तशी जायची. सदरा तिथे येताना जेवढा ताणलेला, जाताना तेवढाच.

पाणी सगळ्या अंगातून जातं आणि कमरेतून जात नाही, असं कापड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या मंगळवारी मशिन सुटल्यावर मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. जनाबाई रिक्षा बघायला गेली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"कमरेला काय बांधलंय?"

"वात आहे. गरम पट्टा बांधतो."

"वात टिंग करत नाही, मास्तर."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग सदरा बोटभर वर केला. आत चामड्याचा रुंद पट्टा. काळपट, जाड, पितळी कड्या आणि बकल लावलेला.

"ढोलाचा आहे," ते म्हणाले. जणू माझ्याशी ओळख करून देत होते. "आमचा भीमा मोठा ढोल यातच अडकवतो. जुना आहे, वजनदार. चांगला किलोभर भरतो."

मी पट्ट्याला हात लावून बघितला.

"काट्यावर पट्टा बांधून उभा राहतो. काट्याला वाटतं माझ्यात किलोभर पाणी जास्त. मशिन तेवढं जास्त ओढतं. जाताना वजन करतात तेव्हाही पट्टा अंगावरच. कोरडं वजन बरोबर भरतं. आकडा कुठेच चुकत नाही."

"आकडा नाही चुकत. माणूस चुकतोय! अहो, नसलेलं पाणी कुठून काढणार ते? तुमचं रक्त ओढतंय!"

"हळू बोल."

"कशासाठी पण?"

मास्तरांनी दोन्ही हात छातीसमोर धरले, क्लॅरिनेट धरतात तसे. बोटं हलली.

"छातीत पाणी चढलं ना ताई, की सूर भिजतो. फुंकर मारली की आतून खोकला येतो. दोन दिवसांत पाणी परत भरतं. जितका जास्त कोरडा होऊन घरी जाईन, तितका जास्त वेळ छाती मोकळी. म्हणून."

"पाणी कमी प्या की मग!"

"तू पितेस कमी?"

मे महिना होता. खानदेशातला. मी सकाळीच बर्फाचा खडा चोखून आले होते आणि तो गिळला नाही अशी स्वतःची समजूत घातली होती.

"येत्या रविवारी मोनालीचं लग्न आहे," ते म्हणाले. मोनाली त्यांची नात, आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेली. "पोराकडचे म्हणतात डीजे पाहिजे. माझ्या नातीच्या लग्नात डीजे! मी व्याह्यांना सांगून आलोय, नाक्यावरच्या मारुतीपासून मंडपापर्यंत मी वाजवीन. मध्ये दम तुटला तर खुशाल डीजे लावा, मी बँड विकून टाकीन. चार माणसांसमोर बोललोय."

"आणि त्याआधीच पलंगावर गेलात तर?"

"शुक्रवार एवढाच राहिलाय. एवढा काढतो. तू मात्र बोलू नको. मॅडमना तर अजिबात नाही."

"का? त्या काय खातात?"

"शब्द दे."

मी शब्द दिला. का दिला, ते सांगते. आम्ही आजारी पडलो की आमचं सगळं दुसरेच ठरवतात. किती प्यायचं, काय खायचं, कधी यायचं, कोणाला हात जोडायचे. या म्हाताऱ्याने एक गोष्ट स्वतः ठरवली होती. मूर्खासारखी ठरवली होती, पण स्वतः.

"पण जांभई दिलीत तर मी ओरडणार," मी म्हटलं.

"ओरड. तुझा आवाज चांगला आहे. बँडमध्ये असतीस तर ट्रम्पेट दिलं असतं."

शुक्रवारी आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. सेंटर ट्रस्टचं, त्यामुळे वाढदिवस आमचाच. अध्यक्ष स्वतः आले नव्हते. सेक्रेटरी देवरेसाहेब आले, सोबत पाच-सहा कार्यकर्ते, एक फोटोवाला आणि केळ्यांच्या करंड्या. रुग्णांना फळवाटप!

केळी. किडनीवाल्यांना. केळ्यात जे पोटॅशियम असतं ते आमच्या अंगातून बाहेर पडत नाही. रक्तात साचतं आणि धडधडतं काळीज बंद पाडतं. आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल की केळं आणि शहाळं म्हणजे आमच्यासाठी विष. आणि हे लोक करंड्या भरून विष घेऊन आले होते, हळदीकुंकू लावून.

"साहेब, हे आम्हाला चालत नाही," मी म्हटलं.

"प्रसाद समजून घ्या हो ताई," देवरेसाहेब म्हणाले आणि माझ्या पोटावर केळी ठेवून फोटोवाल्याकडे बघून हसले.

वाढदिवसाचा फलक धरायला माणूस कमी पडला म्हणून त्यांनी जुबेरला एका टोकाला उभं केलं. जुबेर म्हणत होता, "सर, पेशंट मशिनवर आहेत." ते म्हणत होते, "अरे, एक मिनिट."

मी मास्तरांकडे बघितलं. छातीवर केळ्यांचा घड. नजर छताला. आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

"जुबेर! जांभई!"

"ताई, जरा इकडे बघा, हसा," फोटोवाला म्हणाला.

"तुझ्या आयला हसा! जुबेर!"

जुबेरने फलक सोडला. तो एका कार्यकर्त्याच्या डोक्यावर पडला. पाय वर, सलाइन चालू, नेहमीसारखं. मास्तरांनी डोळे उघडले. जुबेरने थोडा वेळ थांबून बीपी बघितलं आणि मशिनकडे वळला.

"अजून लिटरभर राहिलंय काट्याप्रमाणे. अगदी हळू काढतो. नाहीतर रविवारी लग्नाच्या धावपळीत दम लागेल त्यांना."

मशिन पुन्हा ओढायला लागलं. मी दात आवळून गप्प. शब्द दिला होता. जुबेरची चूक नव्हती. काट्याने सांगितलं ते तो करत होता. खोटं मास्तरांच्या कमरेला बांधलेलं होतं.

दुसऱ्यांदा जांभई आलीच नाही. मास्तर सरळ गेले. मान कलली, तोंडातून लाळ. जुबेर गालावर चापट्या मारतोय, "मास्तर! ओ मास्तर!" आणि मास्तर नाहीत. दारातून जनाबाई आत घुसली, तिला कार्यकर्ते अडवायला लागले.

"ओढू नको!" मी किंचाळले. "जुबेर, एक थेंब ओढू नको! सगळं परत दे! त्यांच्यात नाहीच ते पाणी! कमरेला पट्टा आहे!"

"काय?"

"ढोलाचा पट्टा!"

मी उजवा हात लांब केला. डाव्या हातातल्या सुया ताणल्या, माझं मशिन बोंबलायला लागलं. मी मास्तरांचा सदरा धरला आणि वर ओढला. केळी घरंगळली. ट्यूबलाइटखाली पितळेचं बकल लखलखलं.

"अरे बाप रे, हे काय?" देवरेसाहेब दोन पावलं मागे सरले. "बाँब आहे का?"

जुबेर क्षणभर पट्ट्याकडे बघत राहिला. त्या एका क्षणात त्याला सगळं कळलं असावं, कारण त्याने पुढचं काहीच विचारलं नाही. ओढणं बंद. सलाइन पूर्ण खुलं. एक बाटली गेली, दुसरी लावली. बेंडाळे मॅडम ओपीडीतून पळत आल्या तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. फोटोवाला अजून उभाच होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "बाहेर!" आणि सगळं फळवाटप बाहेर गेलं.

मास्तरांनी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यांनी कमरेला हात लावला. पट्टा नव्हता. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन."

त्यांनी तोंड फिरवलं.

मॅडमनी पट्टा हातात धरून तोलला. त्या संतापल्या होत्या.

"तुम्ही मेला असतात, कळतंय का? आम्ही इथे डोकं फोडतोय, काळजाच्या तपासण्या करतोय, आणि तुम्ही... का केलंत हे?"

मग जनाबाईच बोलली. रविवारचं लग्न, व्याही, डीजे, सगळं. "मला पट्टा माहीत नव्हता हो, बाई. मला वाटलं कमरेचा वात."

"मग मला विचारायचं!" मॅडम म्हणाल्या. "वाजवायचंय म्हणून सांगायचं!"

मास्तरांनी मान वळवली. आवाज अगदी बारीक होता.

"विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणाला, वाजवणं विसरा आता, जीव वाचला हेच खूप समजा."

मी मॅडमकडे बघत होते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं आता त्या काय करतात. ओरडतील? आठवत नाही म्हणतील? आजवर डॉक्टरांना मी दोनच गोष्टी करताना पाहिलं होतं.

"म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच म्हणते." मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "मास्तर, तुम्ही फुंकता ते किती वेळ?"

"मारुतीपासून मंडप. नाचणारे थांबतील तसं. तासभर धरा."

"चालत?"

"मग काय लोळत?"

"चालत नाही. तुमच्या बँडची ती दिव्यांची गाडी असते ना? त्यावर बसून वाजवायचं."

मास्तर ताडकन उठायला गेले, जुबेरने दाबून धरलं. "गाडीवर कॅसिओवाला बसतो! मी मास्तर आहे!"

"मग त्या दिवशी कॅसिओवाल्याच्या शेजारी मास्तर बसतील. नाहीतर डीजे आहेच."

मास्तर परत उशीवर टेकले.

"आणि ऐका," मॅडम म्हणाल्या. "पाणी काढायचंच आहे. पण पिळून नाही. रविवारी सकाळी एक जादा डायलिसिस करू. चारऐवजी सहा तास. थोडं थोडं काढू, म्हणजे अंगाला सावरायला वेळ मिळेल. मशिनचं पाणी गार ठेवू, गारठ्याने नसा आवळून धरतात, बीपी टिकतं. तुम्हाला हुडहुडी भरेल, सहन करा. तोपर्यंत पाणी मोजून. छाती मोकळी राहील. संध्याकाळी वाजवा."

"रविवारी सेंटर बंद असतं, मॅडम," जुबेर म्हणाला. "मी येईन हो, पण किल्ली ट्रस्टकडे. देवरेसाहेब रविवारी उघडू देत नाहीत. मागे दगडूनाना गुदमरले होते तेव्हाही नाही दिली."

"देतील," मी म्हटलं. "त्यांना आत बोलवा."

देवरेसाहेब आले. मी माझ्या पोटावरचं केळं उचललं, सोललं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"साहेब, हे मी खाऊ?"

"खा ना ताई, खा."

"मॅडम, मी हे खाल्लं तर काय होईल?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आणखी दोन खाल्लीत तर काळीज बंद पडू शकतं."

"बघा साहेब. आणि तुमच्याच फोटोवाल्याने तुम्ही मला केळी देताना फोटो काढलाय. वाढदिवसाचा. खाली काय लिहायचं ते मी सांगते. सातवी शिकलेय, पण एवढं येतं लिहायला. रविवारी किल्ली देता, की मी उद्या पेपरवाल्यांकडे जाऊ?"

"असं काय करता... माणुसकी म्हणून द्यायलाच पाहिजे किल्ली," देवरेसाहेब म्हणाले.

दगडूनाना पलीकडून म्हणाले, "विमल, ते केळं टाक आधी. बोलता बोलता खाशील."

रविवारी माझी पाळी नव्हती. तरी मी गेले. मला बघायचं होतं. मशिन तेच, जुबेर तोच, मास्तर तेच. पट्टा नाही. मग काय होतं?

मास्तर काट्यावर चढण्याआधी थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी सदरा गळ्यापर्यंत वर केला आणि तसेच एक गिरकी घेऊन उभे राहिले. आत फक्त बरगड्या. शुक्रवारपासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

पहिल्या तासातच त्यांना थंडी भरली. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि मास्तर दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. जनाबाई पाय चोळत होती. तिसरा तास आला. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले. चौथा. जुबेरने बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, कारण त्याचाही विश्वास बसेना.

"एकशे वीस," तो म्हणाला. "ताई, हललंच नाही."

"काय बघतेस?" मास्तरांनी तोंड उघडलं एकदाचं. दात वाजत होते.

"जांभई येते का ते."

"तू समोर बसल्यावर कोणाला झोप येईल?"

संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर जाऊन उभी राहिले. मला नाचायचं नव्हतं, जेवायचंही नव्हतं. ज्या सुरासाठी माणूस स्वतःचं रक्त पिळायला निघाला, तो सूर आहे तरी कसा, एवढंच मला हवं होतं.

व्याही हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यामागे डीजेची गाडी तयारच होती, काळे डबे रचून. बँडच्या गाडीवर दिवे लागले. कॅसिओवाल्याच्या शेजारी, खुर्चीवर, मास्तर बसले होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. डाव्या बाहीखाली, सुया काढलेल्या जागी, पांढरी पट्टी. खाली भीमाने मोठा ढोल गळ्यात अडकवला. तोच पट्टा. पितळी कड्या वाजल्या. टिंग.

आता तो आवाज बरोबर जागी होता.

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. आधी काहीच नाही. मग लांबून कुणीतरी हाक मारावी तसा एक सूर निघाला आणि वर वर जात राहिला. तो भिजलेला नव्हता. कोरडा, स्वच्छ, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा. भीमाने ढोलावर टिपरी मारली आणि अख्खा रस्ता नाचायला लागला. नवरदेवाचे मित्र, जे मघापासून डीजे डीजे करत होते, तेच पुढे.

मी गाडीबरोबर चालत होते. अर्ध्या रस्त्यात, चौकात, नाचणाऱ्यांनी गाडी अडवली. "मास्तर, अजून!" मास्तर थांबले. क्लॅरिनेट खाली आलं. कपाळावर घाम चमकला. व्याह्यांनी मागे वळून डीजेवाल्याला हात केला.

आणि मास्तरांचं तोंड हळूहळू उघडलं.

मी गर्दी ढकलत गाडीच्या चाकापाशी पोचले, वर बघून ओरडणार तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मान हलवली. नाही.

जांभई नव्हती. मास्तर श्वास घेत होते. आतपर्यंत, पोटापर्यंत, सगळ्या छातीभरून. मग त्यांनी ओठ मिटले आणि पुढचा सूर मंडपापर्यंत तुटला नाही.